जाड देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरं बुजतात, गोळा होतात: समस्या निवारण

समस्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. शीर्षकासाठी एखादा दणकट देवनागरी फॉन्ट निवडला जातो. नमुन्यात तो झकास दिसतो. मग तो आपल्या बॅनरवर, वेबसाइटवर किंवा मंडळाच्या टी-शर्टवर येतो आणि ‘घ’ कुठला, ‘ध’ कुठला ते कळेनासं होतं, ‘क्ष’चा गोळा होतो, ‘भ’ची गाठ दिसेनाशी होते. वैतागून फॉन्ट बदलला जातो. नवा फॉन्ट एकदोन कामांपुरता बरा वाटतो आणि पुढच्या कामात पुन्हा तेच रडगाणं. फॉन्ट बदलायची घाई करण्याआधी दोष नेमका कुठे शिरतोय ते पाहू. बहुतेक वेळा तो फॉन्टच्या फाइलमध्ये नसतोच.

आधी दोष पकडा

कोरी फाइल उघडा. पांढऱ्यावर काळं, इफेक्ट कुठलाही नाही, बोल्डचं बटण दाबलेलं नाही. मोठ्या आकारात एवढंच टाइप करा: क्ष ध घ भ छ झ ष ण द्ध ष्ठ श्री. ही अक्षरं मुद्दाम निवडलेली आहेत. एकाच उंचीत सर्वांत जास्त रेषा यांच्यातच कोंबलेल्या असतात, त्यामुळे बिघाड पहिल्यांदा इथेच दिसतो.

इथे अक्षरांच्या आतल्या पोकळ्या स्वच्छ दिसल्या तर फॉन्ट निर्दोष आहे आणि गडबड पुढे होते आहे: आउटलाइन, ताणातणी, छपाई किंवा फोटो पाठवताना होणारं कॉम्प्रेशन. इथेच अक्षरं बुजलेली दिसली तर खोट्या बोल्डचा, म्हणजे यंत्राने स्वतःच अक्षर फुगवून बनवलेल्या जाडीचा, संशय घ्या. आणि अक्षरं बुजलेली नाहीत, पण फॉन्टच वेगळा, बारीकसा वाटतोय, असं असेल तर निवडलेला फॉन्ट लागलेलाच नाही. संगणकाने त्याच्या जागी स्वतःकडचा दुसरा फॉन्ट वापरलाय.

जाड अक्षर मुळात बनतं कसं

हे थोडं समजून घेतलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

रोमन अक्षर जाड करायचं तर त्याला आडवी जागा देता येते. कॅपिटल ‘एच’चे दोन खांब जाड करा आणि एकमेकांपासून दूर सरकवा, काम झालं. देवनागरीत अडचण उभ्या दिशेला आहे. ‘क्ष’ घ्या. वर शिरोरेषा, तिच्याखाली वळण, मग गाठ, मग तिरकी रेघ, आणि बाजूला दंड. एवढं सगळं एकाच उंचीत बसवायचं. शिरोरेषा तर प्रत्येक अक्षरात उंचीतला आपला वाटा आधीच घेऊन टाकते. म्हणून जाड देवनागरी फॉन्ट काढणारा माणूस प्रत्येक रेष सारखी फुगवत नाही. शिरोरेषा सहसा दंडापेक्षा बारीक ठेवतो. वळण दंडाला जिथे मिळतं तिथे रेष निमुळती करतो. गाठ जवळजवळ ठिपक्याएवढी करतो किंवा तिचा आकारच बदलतो. गर्दीचं अक्षर थोडं रुंद करतो. त्याचा निम्मा वेळ काळ्या रेषेपेक्षा आत उरलेल्या पांढऱ्या जागेवर खर्च होतो, आणि हा सगळा हिशेब ठरावीक आकार व ठरावीक जाडी धरून केलेला असतो.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे तीन फॉन्ट शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल. ‘मोदक’ हा टोकाचा नमुना. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांची आणि रोमन मैथिली शिंगरे यांची. यात पोकळी म्हणजे अक्षरशः फट उरलेली आहे, आणि त्या फटींच्या खेळातच त्याची गंमत आहे. ‘बलू’ गुबगुबीत पण मोकळा. त्याची पुढची आवृत्ती ‘बलू २’ ४०० ते ८०० अशा पाच जाड्यांत मिळते (या मापात ४०० म्हणजे साधी जाडी, ७०० म्हणजे बोल्ड). (बलूची इतर लिप्यांतली नावं वाचण्यासारखी आहेत: गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, मल्याळममध्ये चेट्टन, तमिळमध्ये थंबी, उर्दूत भाईजान.) ‘अनेक’ २०२२ मध्ये आला. त्यात जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के अशी हवी तशी फिरवता येते. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. पण तिघांचा उपयोग एक नाही. मोदकमध्ये दोन-तीन शब्दांच्या पुढे जाऊ नका. बलूमध्ये लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट, कार्यक्रमाची जाहिरात छान निघते. चार ओळींचं मोठं शीर्षक असेल तर ‘अनेक’ घ्या.

सर्वांत मोठा गुन्हेगार: जाडावर पुन्हा जाड

मोदक, यात्रा वन यांसारखे बरेच डिस्प्ले (शीर्षकासाठीचे) फॉन्ट एकाच जाडीत येतात. डोळ्याला ती जाडी कितीही दणदणीत दिसो, फाइलमध्ये तिची नोंद ‘रेग्युलर’ म्हणजे ४०० अशीच असते. इथेच घोळ होतो. वेबसाइटवर शीर्षकाचा टॅग, मग तो एच-वन असो की एच-टू, काही न सांगता बोल्ड मागतो. ब्राउझर फॉन्टमध्ये बोल्ड शोधतो, सापडत नाही, मग स्वतःच बनवतो: अक्षराच्या कडा फुगवतो किंवा तेच अक्षर जरासं सरकवून पुन्हा रंगवतो. मोदकमध्ये फटीएवढीच जागा होती, ती यात भरून निघते. फॉन्ट काढणाऱ्याने राखलेलं सगळं पांढरं यंत्र एका फटक्यात खाऊन टाकतं.

उपाय सोपा आहे. शीर्षकासाठी फॉन्ट-वेट ‘नॉर्मल’ किंवा ४०० असं स्पष्ट लिहा. संपूर्ण साइटवर हा त्रास टाळायचा असेल तर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) फॉन्ट-सिंथेसिसला ‘नन’ द्या. म्हणजे ब्राउझर स्वतःच्या मनाने ना बोल्ड बनवणार ना तिरकं. तयार थीम वापरणाऱ्यांनी थीमच्या टायपोग्राफी सेटिंगमध्ये शीर्षकाची जाडी पाहावी. बहुतेक थीममध्ये ती ७०० धरलेली असते, कारण थीम बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर रोमन अक्षरं होती.

वर्डमध्ये बी दाबलं की हेच होतं. फोटोशॉपमध्ये कॅरेक्टर पॅनेलच्या तळाशी फॉ-बोल्डचं, म्हणजे खोट्या बोल्डचं, बटण असतं; मागच्या कामात ते चालू राहिलं असेल तर नव्या मजकुरालाही लागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. संशय आला की आधी ते बटण पाहा.

दुसरा प्रकार जरा चकवणारा आहे. बलू २ किंवा ‘अनेक’ डाउनलोड केला की झिपमध्ये एक व्हेरिएबल फाइल (सगळ्या जाड्या एकाच फाइलमध्ये) मिळते आणि ‘स्टॅटिक’ नावाचा एक फोल्डर. बहुतेक जण वरची एकच फाइल इन्स्टॉल करतात. सॉफ्टवेअर जुनं असेल आणि त्याला व्हेरिएबल फॉन्ट कळत नसतील, तर यादीत फक्त रेग्युलर दिसतो. मग ऑपरेटर म्हणतो, ‘जाडी मिळत नाहीये,’ आणि बी दाबतो किंवा आउटलाइन देतो. खरा एक्स्ट्रा बोल्ड त्याच झिपमध्ये पडलेला असतो. व्हेरिएबल फाइल काढून टाका, स्टॅटिक फोल्डरमधल्या फाइली इन्स्टॉल करा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. जाड्यांची पूर्ण यादी दिसेल.

खोट्या बोल्डची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि त्याला कारणही आहे. विंडोजबरोबर आलेला मंगल हा र. कृ. जोशी यांचा फॉन्ट. युनिकोड मराठी घराघरात पोचवण्यात त्याचा मोठा वाटा. पण बरीच वर्षं विंडोजमध्ये त्याची एकच जाडी होती. सरकारी परिपत्रकातला ठळक ‘विषय’ असो की लग्नाच्या पत्रिकेचा मसुदा, सगळा बोल्ड यंत्राने फुगवलेलाच असायचा. ते डोळ्याला इतकं सवयीचं झालं की बी दाबणं म्हणजेच जाड अक्षर, अशी समजूत होऊन बसली.

आउटलाइन दिली की आतून बुजतं

जिथे बोल्डचं बटण चालत नाही तिथे आउटलाइन देतात. शिवाय बॅनरवर पिवळ्या अक्षराला लाल कडा आणि तिच्याबाहेर पांढरी कडा, हा तर आपला ठरलेला थाट. त्याला माझा विरोध नाही. गर्दीच्या फोटोवर अक्षर उठून दिसायला ती कडा खरोखर उपयोगी पडते. फक्त ती कुठे वाढते ते पाहा. सहसा आउटलाइन मूळ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पसरते. ६ पॉइंट दिली तर ३ बाहेर आणि ३ आत. बाहेर जागा भरपूर असते. आत मात्र ‘ष’च्या पोटात दोन्हीकडून तीन-तीन पॉइंट घुसतात आणि पोकळी संपते.

कोरलड्रॉमध्ये आउटलाइनच्या सेटिंगमध्ये ‘बिहाइंड फिल’ असा पर्याय आहे, तो लावा. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये नवा स्ट्रोक घालून तो ‘कॅरेक्टर्स’च्या खाली ओढा. वेबवर टेक्स्ट-स्ट्रोक वापरत असाल तर पेंट-ऑर्डरमध्ये स्ट्रोक आधी आणि फिल नंतर असा क्रम द्या. नव्या ब्राउझरांत तो चालतो. अशाने कडेचा आतला भाग भरीव अक्षराखाली झाकला जातो. तरी एक लक्षात ठेवा: पोकळीच्या आतही ही कडा थोडी डोकावणारच, कारण पोकळीच्या दृष्टीने तेच ‘बाहेर’ असतं. कडा फार जाड असेल तर पोकळी कडेच्या रंगाने भरते. अशा वेळी ती अक्षराच्या रंगाने भरलेली नसावी एवढंच पाहायचं. पिवळ्या ‘ध’च्या पोटात लाल दिसला तरी तो ‘ध’ म्हणून वाचता येतो.

आउटलाइनचाच आणखी एक त्रास: शब्दाच्या मध्येच, दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेत उभ्या चिरा दिसतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतं. भरीव रंगात ते कळत नाही, पण कडा दिली की प्रत्येक तुकड्याची कडा वेगळी उमटते. व्हेरिएबल फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर चढवून ठेवलेले असतात, त्यामुळे अक्षराच्या पोटातही नको त्या रेघा येतात. मजकूर कर्व्हजमध्ये बदला (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’ करा आणि मगच आउटलाइन द्या. शब्द एकसंध होतो. बदल करण्याआधी टाइप केलेल्या मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, नाहीतर शुद्धलेखनाची चूक निघाली की सगळं पुन्हा.

याच सांध्यांवर वेबसाइटवर गडद ठिपके दिसत असतील तर अक्षराचा रंग अर्धपारदर्शक दिलाय का ते पाहा. रंगात पारदर्शकता देण्याऐवजी संपूर्ण घटकाला ओपॅसिटी द्या, ठिपके जातात.

ताणणं आणि दाबणं

लांब नाव, अरुंद पाटी. मग शब्द आडवा दाबून ६० टक्के केला जातो. दाबल्यावर उभे दंड बारीक होतात आणि आडवी शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. फॉन्ट काढणाऱ्याने दंड जाड आणि शिरोरेषा बारीक ठेवून जो तोल साधला होता तो नेमका उलटा होतो, वर पोकळ्याही चिंचोळ्या होतात. अशी पाटी लांबून पाहिली तर फक्त एक जाड आडवी पट्टी दिसते आणि तिला खाली काहीतरी लोंबतंय असं वाटतं.

मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड अरुंद आहेत, अनेकची रुंदी ७५ पर्यंत खाली आणता येते. तेकोची घडण चौकोनी असल्याने खेळ, स्पर्धा, धावफलक अशा ठिकाणी तो फार शोभतो; बारशाच्या आमंत्रणात तितकाच विचित्र दिसतो. एवढं करूनही नाव बसत नसेल तर ते दोन ओळींत करा.

दुकानांच्या पाट्यांवर हा प्रकार अलीकडे जास्त दिसतो. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. मराठी देवनागरी अक्षरं पाटीवर सुरुवातीला असली पाहिजेत आणि त्यांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असं बंधन आलं. अनेकांनी जुन्या पाटीवर उरलेल्या पट्टीत मराठी नाव दाबून बसवलं. आकार मापताना मात्र वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकाराच्या टोकापर्यंत सगळी उंची धरली जाते आणि ती इंग्रजी कॅपिटल अक्षराएवढी केली जाते. त्यात मूळ अक्षर, म्हणजे शिरोरेषेपासून दंडाच्या पायापर्यंतचा भाग, अर्ध्याच्या आसपास उरतो. डोळ्याला मराठी लहानच दिसतं. तुलना करायची तर मूळ अक्षराची उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीशी करा आणि वेलांटी-उकारांना त्याच्या वर-खाली वेगळी जागा सोडा. पाटी नव्याने करायची असेल तर आधी मराठी नाव बसवून घ्या आणि उरलेल्या जागेत इंग्रजी बसवा. उलट्या क्रमाने काम केलं की मराठीची कुचंबणा होते.

स्क्रीनवर ठीक, छापल्यावर चिखल

कागद, कापड, फ्लेक्स, प्रत्येकावर शाई थोडी पसरते. काळी रेष थोडी वाढते, पांढरी जागा थोडी घटते. बारीक फॉन्टमध्ये हे चालून जातं, जाड फॉन्टमध्ये पांढरं आधीच जेमतेम असतं.

अंदाज घेण्यासाठी साधा हिशेब करा. त्या शब्दातली सर्वांत बारीक पोकळी अक्षराच्या उंचीच्या कितव्या हिश्श्याची आहे ते फाइलमध्ये मोजा. समजा चाळिसावा हिस्सा आहे. मग ४ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात ती १ मिलिमीटर असेल आणि १ सेंटिमीटरच्या अक्षरात पाव मिलिमीटर. आता स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला विचारा की तुमच्या जाळीवर, या कापडावर किती बारीक फट उघडी राहते. त्याचं उत्तर पाव मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर टी-शर्टच्या खिशावर मोदक घालण्यात अर्थ नाही. छातीवर मोठा घाला आणि खिशावरच्या छोट्या नावासाठी बलू २ चा मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. एकाच कुटुंबातली हलकी जाडी लहान आकारात वापरली तर दोन्ही एकाच घराण्यातली वाटतात. लोकांना वाटतं, आकार लहान केला म्हणजे जाडी वाढवायला हवी. देवनागरीच्या जाड फॉन्टमध्ये एका मर्यादेनंतर हे उलटं करावं लागतं.

काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असेल तर शाई बाहेरून आणि पोकळीतून अक्षरावर चढते. तिथे पोकळी बुजण्यापेक्षा निमुळते सांधे तुटण्याचा धोका जास्त. उजेडाच्या पाटीवर पुन्हा वेगळंच: पांढरं अक्षर पेटलं की त्याचा उजेड पोकळीत सांडतो आणि रात्री लांबून सगळं एक होतं. अशा पाटीला दिवसा योग्य वाटते त्यापेक्षा एक पायरी हलकी जाडी निवडा आणि जमलं तर रात्री रस्त्यापलीकडून पाहूनच पक्कं करा.

एखाद्या शब्दावर बरंच काही अवलंबून असेल, म्हणजे दुकानाचं नाव, दिवाळी अंकाचं शीर्षक वगैरे, तर फॉन्टचं अक्षर जसंच्या तसं वापरायची सक्ती कुणी केलेली नाही. कर्व्हजमध्ये बदला, अडलेल्या अक्षराची पोकळी दोन-चार नोड (कडेवरचे बिंदू) सरकवून उघडा, शिरोरेषेची खालची कडा केसभर वर घ्या. वर सांगितलेले एक टाइपचे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे परवान्याची अडचणही नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा. तिथे प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे हाताने रचलेला असे, म्हणून वर्तमानपत्राच्या भरड कागदावर, एवढ्याशा चौकटीतही तो वाचता येई.

व्हॉट्सॲपवर गेल्यावर बिघडतं

मूळ फाइल लख्ख, पण ग्रुपवर फिरून आलेली प्रत मळकट. फोटो म्हणून पाठवलं की चित्र पुन्हा जेपीजी होतं, आणि जेपीजीमध्ये साधारणपणे उजेड-अंधाराची माहिती नीट राखली जाते, रंगाची माहिती मात्र कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे निळ्यावर लाल, हिरव्यावर भगवा अशा जोड्यांत, जिथे रंग वेगळे पण उजळपणा जवळजवळ सारखा, तिथे बारीक पोकळ्या पहिल्यांदा पुसल्या जातात. चित्र तात्पुरतं कृष्णधवल करून पाहा. अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेत विरघळली तर रंगजोडी बदला. एक गडद, एक फिकट हवा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अर्थात पुढे लोक ते फोटो म्हणूनच ढकलणार, तेव्हा रंगजोडीची काळजी घेणं जास्त भरवशाचं.

शिरोरेषा तुटते, वेलांट्या कापल्या जातात

या तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी जाड फॉन्टबरोबर हटकून येतात, आणि बहुधा दोन्हींचं मूळ रोमन शीर्षकांसाठी केलेल्या सेटिंगमध्ये असतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना लेटर-स्पेसिंग दिली की ती ऐटदार दिसतात. देवनागरीत तेच केलं की प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटते. जाड शिरोरेषेतला खंड तर आणखीच डोळ्यात खुपतो. लेटर-स्पेसिंग शून्य करा. इनडिझाइनमध्ये जस्टिफिकेशनच्या सेटिंगमधली लेटर स्पेसिंगही तिन्ही रकान्यांत शून्य हवी. शब्द ऐसपैस हवा असेल तर अनेकची रुंदी वाढवा.

लाइन-हाइट १ किंवा त्याहून कमी असेल तर वरच्या ओळीचा ‘ष्ट्रू’ खालच्या ओळीच्या ‘र्वीं’वर आदळतो. शीर्षकाला १.३ पासून सुरू करा आणि उकार-रफार जास्त असतील तर वाढवा. अक्षरात ग्रेडियंट भरला असेल आणि फक्त वेलांटीची टोकं कापली जात असतील, तर त्या घटकाला वर-खाली थोडं पॅडिंग द्या.

एकमेकांत मिसळून बुजणाऱ्या जोडाक्षरांचं काय? ‘क्त’ एकत्र आल्यावर बुजत असेल तर मध्ये शून्य रुंदीचा जोडक (झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह) घालून ‘क्‍त’ असं आडवं रूप मिळतं. ‘द्ध’ला अर्धं रूप नाही, तिथे पाय मोडून ‘द्‌ध’ लिहावं लागतं. शाळेच्या पुस्तकांमुळे हे रूप परकं नाही, पण शीर्षकात ते मला रुचत नाही. मी त्याऐवजी तेवढ्या अक्षराची पोकळी हाताने उघडते.

अक्षरं विस्कटलेलीच असतील तर

वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, अर्ध्या अक्षरांना पाय मोडलेले, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ, असं दिसत असेल तर जाडीशी त्याचा संबंध नाही. जुन्या फोटोशॉपच्या टाइप प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर वर्ल्ड-रेडी करा. वेबसाइटवर आकडे आणि इंग्रजी जाड दिसतंय, मराठी मात्र बारीक, असं असेल तर फॉन्टची फक्त लॅटिन (रोमन अक्षरांची) फाइल चढवलेली असण्याची शक्यता दाट. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला गेला ते दिसतं, तिथे खात्री करा.

पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हवे असतील आणि हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्या. पानावर भाषेचा कोड एम-आर हवा, हिंदीचा नको. फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल तर ती आपोआप लागतात. डिस्प्ले फॉन्ट निवडताना ‘लाल शाल’ टाइप करून हे आधीच पाहून घ्यावं.

राहिला ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द जाड फॉन्टमध्ये शेजारी लिहून पाहा. दुसऱ्यात ‘र’चा पाय मोडलेला दिसला किंवा रफारच आला, तर साध्या ‘र’ऐवजी नुक्तावाला ‘ऱ’ टाइप करा, मग हलन्त, मग ‘य’. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा ‘ऱ’ ‘र’च्याच कळीवर शिफ्ट धरून मिळतो. तो घालूनही चंद्रकोरीसारखी रेघ उमटत नसेल तर फॉन्टमध्ये ते रूप काढलेलंच नाही, आणि मराठी शीर्षकासाठी तो फॉन्ट बाद समजा.